शाळा आणि कार्यशाळा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

शालेय शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण यांची सांगड साधारण तीन तऱ्हांनी घातली जाते. पहिलीत एखादे हस्तकाम हेच शिकवण्याचे माध्यम असते. सूत कातता कातता मूल मोजमाप, हिशेब, कापसाचा भूगोल आणि वस्त्रोद्योगाचा इतिहास शिकते. दुसरीत गणित, विज्ञान, भाषा यांच्या जोडीला व्यवसायाचा एक विषय वेळापत्रकात बसवला जातो आणि त्याची परीक्षाही त्यांच्याबरोबरच होते. तिसरीत विद्यार्थ्याचा वेळच विभागलेला असतो : काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, कार्यशाळेत किंवा शेतावर. या तिन्ही तऱ्हा महाराष्ट्रात वेगवेगळ्या काळी आल्या आणि त्यांतली एकही पुरती नाहीशी झालेली नाही. कोणती कुठे उपयोगी पडेल, हे मात्र त्या भागातली माणसे पोट कशावर भरतात यावर ठरते. म्हणून हा विषय एखाद्या जिल्ह्याच्या जमिनीवर उभे राहून मांडणे बरे. इथे तो जिल्हा बीड आहे.

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, तालुके अकरा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार. उत्तरेला गोदावरी जिल्ह्याची हद्द आखते आणि मधून बालाघाटाचे डोंगर जातात. गेवराई-माजलगावच्या खालच्या पट्ट्यात काळी जमीन, कापूस आणि धरणाचे पाणी. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, आष्टीच्या माथ्यावर हलकी, मुरमाड जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. या वरच्या भागातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तोडणी सोडता येत नाही. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणजे आईबापांबरोबर निघालेल्या मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ अख्खे बुडते.

या मुलांना हाताचे काम शिकवायला वेगळी शाळा काढावी लागत नाही. बारा वर्षांचा मुलगा फडात वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. त्याची बहीण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटे भावंड सांभाळते आणि भाकरी थापते. कष्टाची सवय दोघांना लागते, अंगमेहनतीचे कसबही येते. पण किती टन तोडला, दर काय लागला, उचलीतून किती वळते झाले, हा सगळा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही मुलांच्या हाती कधी येत नाही. काम आणि विद्या यांची फारकत इतकी उघडी दिसणारी दुसरी जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. म्हणूनच शिक्षणाला कामाची जोड द्यावी असे कोणी म्हटले की इथला पालक सावध होतो. आपण कोयता उचलला तो पुरे, पोराने पुस्तक उचलावे, हे त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नाही. व्यवसाय शिक्षणाच्या कोणत्याही योजनेला आधी या म्हणण्याला उत्तर द्यावे लागते.

शाळेविना शिकण्याची परंपरा या भागाला मोठी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरमध्ये बीड शहराची ओळख चामड्याच्या कामासाठी दिलेली आढळते : पाणी वाहून न्यायच्या चामडी छागली आणि काठीत पाते लपवलेल्या गुप्त्या. असे कसब घरातल्या घरात, बापाच्या मांडीशी बसून शिकले जाई. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांचे ज्ञान याच वाटेने पुढे गेले. त्यात कारागिरी अव्वल होती. पण ती जातीच्या कुंपणात बंद होती, लिहून ठेवलेली नव्हती, आणि ज्याच्या हाताला कसब त्याला अक्षर नाही व ज्याला अक्षर त्याच्या हाताला काम नाही अशी वाटणी होती. छागलीची जागा आधी पत्र्याने आणि मग प्लास्टिकने घेतली, तेव्हा चामडे कमावण्यातले रसायन ठाऊक असलेल्या कारागिराला त्या ज्ञानाच्या जोरावर दुसरीकडे वळता आले नाही, कारण त्याच्याजवळचे ज्ञान कोणी ज्ञान म्हणून मोजलेच नव्हते.

महात्मा फुले यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, आरोग्य यांच्याबरोबर शेतीची प्राथमिक माहिती असावी अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या मुलाने शेतकरीच राहावे असा तिचा अर्थ नव्हता. ज्यांच्या करातून शिक्षण खाते चालते, त्यांच्या जगण्याचा विषय शाळेत अभ्यासाचा विषय व्हावा, असा तो आग्रह होता. पुढच्या सगळ्या योजना या कसोटीवर तपासल्या तर त्यांतले बरेवाईट लवकर दिसते.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला : सात ते चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि मध्यभागी एक उत्पादक हस्तोद्योग. ही कल्पना प्रथम राबवली गेली ती काँग्रेसची मंत्रिमंडळे असलेल्या प्रांतांत. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी शाळा चालवणे हेच एक मोठे काम होते. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ यांनी जे काम केले ते मुख्यतः राष्ट्रीय शिक्षणाचे आणि कार्यकर्ते घडवण्याचे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे वर्ध्याचा विचार इथे पोहोचला तो मूळ उत्साह ओसरल्यावर, सूतकताईच्या टकळी आणि पेळू यांच्या रूपाने, मागची शिक्षणदृष्टी वाटेत गळून.

पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वेगळी वाट काढली. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत मुले वसतिगृहात राहत, शेतात आणि बांधकामावर राबत आणि त्या कष्टाच्या मोबदल्यात शिकत. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना उच्च शिक्षणापर्यंत गेली. इथे काम हे शिकण्याचे माध्यम नव्हते, शिकण्याची किंमत चुकवण्याचा मानाचा मार्ग होता. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतही पुढे हे नाव रुजले. ग्रंथालयात पुस्तके लावणे, बागेत पाणी देणे अशा तासांवर गरीब विद्यार्थ्याच्या खानावळीचा खर्च निघतो आणि त्याचे मोल कमी नाही. पण तेवढ्याने त्याच्या हाती व्यवसाय येत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दोन सूचना केल्या. सर्व मुलांना कार्यानुभव मिळावा, आणि माध्यमिकच्या वरच्या टप्प्यावर मोठ्या प्रमाणात व्यवसाय शिक्षण असावे. पहिल्या सूचनेचे काय झाले हे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना माहीत आहे. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले, पुठ्ठ्याचे घर, काड्यापेट्यांची बैलगाडी. वस्तू बहुधा घरच्यांनी केलेली, गुण सरसकट दिलेले. शाळेजवळ ना हत्यारे होती, ना त्यांत कुशल माणूस. दुसऱ्या सूचनेतून अकरावी-बारावीसाठी दोन गोष्टी निघाल्या. द्विलक्षी अभ्यासक्रमात विद्यार्थी विज्ञान, वाणिज्य किंवा कला शाखेतच राहतो आणि दुसरी भाषा व आणखी एक विषय सोडून २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेतो : विद्युत दुरुस्ती, यंत्र दुरुस्ती, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय वगैरे. किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम मात्र वेगळी शाखाच होती.

कागदावर द्विलक्षीची रचना चांगली आहे, कारण ती कोणतेही दार बंद करत नाही. बारावीनंतर अभियांत्रिकीला जाता येते, आणि नाही गेले तरी हाताशी एक कसब राहते. प्रत्यक्षात शहरांतल्या हुशार मुलांनी ती भाषेचा अभ्यास टाळून भरघोस गुण मिळवण्यासाठी वापरली. किमान कौशल्याच्या शाखेचे उलटे झाले : ज्याला दुसरीकडे प्रवेश मिळत नाही तो तिथे, असा शिक्का तिच्यावर बसला. एकाच विचाराच्या या दोन टोकांवरून एक गोष्ट ठरते. व्यवसायाचा विषय हा मागे पडलेल्यांच्या सोयीसाठी ठेवला की तो विषय आणि ती मुले, दोघेही खाली ढकलले जातात. तो सर्वांना असावा, आणि त्यातून वर जायची वाट मोकळी असावी.

ही अट सर्वांत जवळून पाळली गेली ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले अन्नतंत्रज्ञ. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून १९८३ साली त्यांनी पाबळ या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा केला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. एकच धंदा नव्हे, चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. वर्षभरात मूल वेल्डिंगचा सांधा मारते, विटांचे बांधकाम करते, फेरोसिमेंटचा पत्रा ओतते, पर्जन्यमापक बसवते, मातीचे परीक्षण करते, रक्तगट तपासते आणि चिक्की करते. प्रत्येक कामाला रेखाचित्र, अंदाजपत्रक आणि खर्चाचा हिशेब लागतो : साहित्य किती, मजुरी किती, यंत्राची झीज किती, मग वस्तूची किंमत काय. शिकवणारा निदेशक बहुधा त्याच पंचक्रोशीतला, हातात कसब असलेला. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असते आणि गावकरी त्याचे पैसे देतात. हा विषय माध्यमिक शालान्त परीक्षेत मान्य झाला आणि पुढे इतर संस्थांच्या मदतीने राज्यातल्या अनेक शाळांत गेला.

कलबागांच्या पद्धतीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ती मुलाला चौदाव्या वर्षी वेल्डर ठरवून टाकत नाही. वेल्डिंग, शिवण, कलम, रक्तपरीक्षण हे सगळे प्रत्येक मूल करते, मुलगा असो वा मुलगी. धंद्याची निवड नंतरची. गावात जगण्यासाठी लागणारे तंत्रज्ञान हा सामान्य शिक्षणाचाच भाग आहे, ही त्यामागची धारणा, आणि बीडसारख्या जिल्ह्याला तीच लागू पडते.

तिथे हाताचे काम शाळेच्या विषयाला कसे भिडते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. तालुक्याच्या कोणत्याही गावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान असते. रब्बीत विहिरी-बोअरवरच्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात, विजेचा दाब पडतो आणि मोटारी जळतात. थ्री-फेज मोटारीला ४१५ व्होल्टच्या आसपास दाब हवा असतो; तो बराच उतरला की तेवढेच पाणी चढवायला मोटार जास्त प्रवाह ओढते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. वेढ्यांवरचा वार्निशचा थर करपतो आणि वेढा वेढ्याला चिकटतो. कारागीर जळलेली कॉइल कापून काढतो, स्लॉट मोजतो, एका कॉइलचे वेढे मोजतो, तारेची जाडी गेजवर पाहतो आणि वहीत टिपून ठेवतो.

पुष्कळदा हव्या त्या जाडीची तार दुकानात नसते. मग बारीक तारा एकत्र गुंडाळाव्या लागतात. व्यास निम्मा असलेली तार घेतली तर तिचे क्षेत्रफळ चौथाई भरते, म्हणून दोन नव्हे, चार तारा लागतात. जुन्या कारागिराला हे अनुभवाने ठाऊक असते. नवशिका दोन तारा घालतो आणि मोटार पहिल्याच आठवड्यात पुन्हा जळते. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र शाळेत मुलाने पाठ केलेले असते; ओहमचा नियम आणि विजेमुळे निर्माण होणारी उष्णता हे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात असते. ही सूत्रे आणि ते दुकान यांच्यात दोन किलोमीटरचेही अंतर नसते, तरी त्यांची गाठ पडत नाही. एका शनिवारी जळकी मोटार शाळेत आणून ती मुलांकडून उलगडून घेतली, तर भौतिकशास्त्राचा एक धडा पूर्ण होतो आणि गावच्या कारागिराला गुरुजीच्या शेजारची खुर्ची मिळते.

दुसरे उदाहरण रेशमाचे. गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यात तुतीची लागवड बरीच वाढली आणि बीडच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी होऊ लागली. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जावे लागे. कीटक संगोपन हे जीवशास्त्राचे चालते-बोलते पुस्तक आहे. एका अंडीपुंजात चारशे-पाचशे अंडी. अळी चार वेळा कात टाकते आणि पाच अवस्थांतून जाते. महिन्याभराच्या आत तिचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते. कात टाकताना ती खात नाही. त्या वेळी पाला घातला तर तो वाळतो, रोग वाढतो, म्हणून चुना भुरभुरायचा आणि थांबायचे. शेडमध्ये तापमान २५ अंशांच्या आसपास आणि हवेत पुरेसा ओलावा राखावा लागतो. बीडच्या उन्हाळ्यात हे अवघड, म्हणून गोणपाटे भिजवणे, फॉगर लावणे आले. ओल्या आणि कोरड्या तापमापकातल्या फरकावरून आर्द्रता कशी काढायची, हा भूगोलातला धडा इथे रोज सकाळ-संध्याकाळ उपयोगी पडतो.

शंभर अंडीपुंजांची बॅच म्हणजे चाळीस-पन्नास हजार अळ्या. किती पाला लागला, किती अळ्या मेल्या, कोष किती किलो उतरले, किलोला भाव काय मिळाला, अंडीपुंज, मजुरी आणि निर्जंतुकीकरण वजा जाता हाती काय राहिले, हे सगळे सातवीच्या शेकडेवारीत बसते. शाळेने एखाद्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये एकाच बॅचची नोंदवही मुलांकडून ठेवून घेतली, तर मुले तक्ता, आलेख, सरासरी आणि नफा-तोटा पुस्तकाबाहेर वापरू लागतात. शिवाय शेतकऱ्याला नोंद मिळते, जी तो स्वतः सहसा ठेवत नाही.

बालाघाटातले सीताफळ हे तिसरे उदाहरण होऊ शकते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे फळ काढल्यावर चार दिवसांत मऊ पडते, गर उघडा राहिला की काळवंडतो आणि जास्त तापवला की कडवट होतो. त्यामुळे आंब्यासारखा आटवून ठेवता येत नाही. बिया काढून गोठवावा लागतो. फळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे नेमका तोडणीला निघायच्या सुमाराचा. गर काढण्याचे छोटे केंद्र आणि शीतगृह जवळ असेल तर काही घरांचे निघणे लांबू शकते, काही कदाचित थांबतील. अन्नप्रक्रियेचा विषय माध्यमिक शाळेत ठेवायचा तर तो केक-बिस्किटांऐवजी इथून सुरू व्हावा.

शाळेनंतरचा टप्पा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजे आयटीआयचा. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. आज बीड जिल्ह्यात फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक हे व्यवसाय मुले आयटीआयमध्ये शिकतात. वेळेचा मोठा भाग कार्यशाळेत जातो. त्याला व्यवसाय सिद्धान्त, अभियांत्रिकी रेखांकन आणि कार्यशाळा गणित यांची जोड असते. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बीड आणि अंबाजोगाई इथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. पुढे पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे फिटरचा अभियंता होण्याची वाट कायद्याने मोकळी आहे.

ती वाट चालणारे थोडे, आणि अडचण बहुधा गणितात असते. कानशीने सपाट पृष्ठ घासण्यात जो मुलगा पहिला येतो, त्याला पदविकेच्या पहिल्या महिन्यात त्रिकोणमिती आणि कलन समोर येते आणि तो मागे फिरतो. त्याची बुद्धी कमी पडते असे नाही. दोन वर्षे त्याला कार्यशाळा गणिताच्या नावाखाली ठरावीक उदाहरणे करायला लावलेली असतात. सांगड घालण्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा : शाळेत कार्यशाळा यावी तशी कार्यशाळेत खरीखुरी शाळाही यावी. आयटीआयच्या संध्याकाळी गणिताचा आणि भाषेचा एकेक तास नीट चालला, तर जिल्ह्यातल्या शेकडो मुलांच्या आयुष्याची दिशा बदलेल. याला मोठ्या इमारती लागत नाहीत, चांगले शिक्षक लागतात.

कारखान्यात शिकण्याचा भाग बीडमध्ये सर्वांत अवघड आहे. जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ गेऑर्ग केर्शनश्टायनर यांच्या म्युनिकमधल्या शाळांपासून जी परंपरा वाढली, तिच्यात शिकाऊ मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. तिथे ही पद्धत चालते, कारण गावोगाव लहान-मोठे कारखाने आहेत आणि शिकाऊ मुलाला घेणे ते आपले कर्तव्य मानतात. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, पण बीडमध्ये परळीचे औष्णिक विद्युत केंद्र, साखर कारखाने, जिनिंग आणि दूध संघ सोडले तर उमेदवार घेणार कोण? बाकीच्यांना वाळूज किंवा चाकणसारखी औद्योगिक वसाहत गाठावी लागते आणि खोलीभाड्यातच विद्यावेतन संपते. २०२५ मध्ये बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने आधुनिक प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय झाला. रोबोटिक्ससारखी कौशल्ये घरच्या जिल्ह्यात शिकता येणे चांगलेच. तरी ती घेतलेला तरुण कामासाठी बाहेरच जाईल. त्याने जावे, मानाने जावे, यात वाईट काही नाही. पण जिल्ह्यात राहणाऱ्या मुलासाठी उमेदवारीची जागा म्हणजे रिवाइंडिंगचे दुकान, ट्रॅक्टरचे गॅरेज, दूध शीतकरण केंद्र आणि रेशीम शेड हीच आहे. कायद्याच्या आणि प्रमाणपत्राच्या भाषेत या लहान जागांना स्थान मिळवून देणे, हे जिल्हा पातळीवरचे खरे काम होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून व्यवसायांची ओळख करून द्यायला सांगितले आहे. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार पाडले : सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्याचे काम आणि माणसांची सेवा. ही विभागणी सुतारकाम-शिवणकाम अशा जुन्या यादीपेक्षा बरी आहे, कारण रेशीम, मोटार आणि दवाखान्यातली सुश्रूषा तिच्यात सहज बसतात. नववीपासून कौशल्याचे विषय काही माध्यमिक शाळांत आधीच सुरू आहेत. त्यांची एक दुखरी जागा उघड आहे. प्रशिक्षक बहुतेक बाह्य संस्थांमार्फत कंत्राटावर नेमलेले असतात; वर्षअखेर करार संपतो, नवा होईपर्यंत विषय बंद पडतो, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांना बरोबरीची वागणूक मिळत नाही. शिकवणाऱ्याला मान नसेल तर विषयाला कुठून येणार?

मुलींचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडायला हवा. आईबाप तोडणीला गेले की वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे, ही चिंता बालविवाहाच्या मुळाशी असते. मुलगी वसतिगृहात सुरक्षित राहते आणि तिच्या शिक्षणातून कमाई दिसते आहे, हे घराला पटले तर लग्न दोन-चार वर्षे पुढे जाते. पण ‘मुलींसाठी व्यवसाय’ म्हटले की शिवण आणि ब्युटी पार्लर एवढेच सुचवले जाते. एका गावात किती शिलाई यंत्रे चालतील याला मर्यादा आहे. परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वायरमन, मोबाइल आणि सौर पंप दुरुस्ती यांत मुली आल्या तर त्यांना काम मिळते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. आरोग्यसेवेतल्या सहायक व्यवसायांसाठी मुलींना शाळेतूनच तयार करायला जिल्ह्यात इतका मोठा आधार दुसरा नाही.

काम शिकवणे आणि कामाला जुंपणे यांतली रेघही स्पष्ट असायला हवी. कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर मदत करायला २०१६ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे, आणि बीडमध्ये तिचा आडोसा घेतला जाण्याची भीती खरी आहे. ओळखण्याची खूण साधी आहे. मूल एकच कृती दिवसभर करते का, की रोज नवे काही करते? त्याने केलेल्या कामाची नोंद आणि हिशेब त्याच्या स्वतःच्या वहीत आहे का? चूक केल्यावर ते का चुकले हे विचारायला त्याला मोकळीक आहे का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर त्या कामाला शिक्षण म्हणू नये, मग योजनेचे नाव काहीही असो.

आता वेळापत्रक. तोडणीला जाणाऱ्या घरांची मुले गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांची व मुलींची मिळून ८२ वसतिगृहे काढण्याची योजना आखली आणि बीड तिच्या केंद्रस्थानी आहे. ही मुले नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी रिकामी असतात. घरची कामे नाहीत, आईबाप जवळ नाहीत. रब्बीच्या मोटारी याच काळात जळतात, आणि थंडीतल्या रेशीम बॅचेस सहसा चांगल्या उतरतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवारची दुपार एवढा वेळ प्रशिक्षणाला दिला तरी पाच महिन्यांत एक विषय नीट होतो, आणि शाळेच्या एकाही तासाला धक्का लागत नाही.

पुढच्या काही वर्षांत ऊसतोडणीतच बदल होणार आहे. यंत्राने ऊस तोडण्याचे प्रमाण वाढत आहे; एक हार्वेस्टर अनेक कोयत्यांचे काम करतो. ज्या घरांची उपजीविका कोयत्यावर आहे त्यांच्या पायाखालची जमीन यामुळे सरकेल. त्याच यंत्राला मात्र चालक, मदतनीस आणि दुरुस्ती करणारा लागतो, आणि उसाचा फड, वाफसा, सरीची रुंदी, लोळलेला ऊस यांची जाण तोडणी कामगाराच्या मुलाला शहरातल्या मेकॅनिकपेक्षा कितीतरी जास्त असते. त्याला कमी असते ते हायड्रॉलिक्सचे ज्ञान : पास्कलचा नियम, दाब आणि प्रवाह, तेलाची शुद्धता, झडपांचे आरेखन वाचता येणे. एवढे शिकवण्याजोगे आहे. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर आणि कृषियंत्र दुरुस्तीचे व्यवसाय आहेत. त्यांत तोडणी यंत्राचा भाग घालता येतो. हार्वेस्टर हंगामभर रात्रंदिवस चालतो आणि त्या काळात त्याच्याजवळ शिकाऊ पोराला कोणी फिरकू देत नाही. त्याची मोठी दुरुस्ती, पाती बदलणे, पंप उघडणे हे सगळे मे ते सप्टेंबरात होते. तोडणी कामगारांची कुटुंबे हेच महिने गावी असतात, आणि आयटीआयचे नवे वर्षही याच काळात सुरू होते.